देहार

लिडिया विहिरीच्या कठड्यावर बसून एकच शब्द घोकत होती. "देहार... देहार..." तिचा बाप आग्नेल केळींना पाणी लावता लावता सकाळपासून तो ऐकत होता. ती व्रतं घेऊन सिस्टर झाली तेव्हा त्याने अख्ख्या पापडी गावाला जेवण घातलं होतं. पण आता कॉन्व्हेंटने तिला बोलिव्हियाला पाठवायचं ठरवलं, आणि त्याचं बोलणंच आटलं. "मी विमानतळावर येणार नाही," एवढंच एकदा म्हणाला होता.

शेवटी त्याने फावडं टेकवलं. "काय गं आहे तो शब्द?"

"स्पॅनिश क्रियापद, पप्पा. आपलं सोडणं. दारू सोडली, गाव सोडलं, त्याला देहार. आणि एखाद्याला काही करू द्यायचं, तरी तेच. पोराला खेळू दे. मला जाऊ दे."

"सोडणं आणि जाऊ देणं एकच?"

"तिकडे एकच. माझा तिथेच गोंधळ होतो."

आग्नेलने मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या आळ्यात घेतलं. "आणि हे पाणी सोडलं, ते?"

"त्याला वेगळा शब्द आहे."

आळं भरल्यावर त्याने बांध परत लिंपला. मग पाठमोराच म्हणाला, "गाडीने कुणाला सोडायला जायचं असलं तर?"

लिडियाने पुस्तक मिटलं. "तेही देहार."

"म्हणून दाखव. मी तुला सोडतो."

"ते देहो."

"ते देहो," आग्नेल म्हणाला.

"तेवढ्यावर थांबू नका, पप्पा. नुसतं ते देहो म्हटलं तर मी तुला टाकून चाललो, असा अर्थ होतो. कुठे सोडतो ते पुढे सांगायचं. ते देहो एन एल आएरोपुएर्तो. तुला विमानतळावर सोडतो."

त्याने दोनदा म्हणून पाहिलं, पण जीभ दोन्ही वेळा मध्येच अडखळली. लिडियाला हसू आवरेना. मग तोही हसला, बऱ्याच दिवसांनी.

पाटात पाय धुऊन त्याने शर्ट चढवला. "आईला सांग, मी फर्डिनंडकडे जाऊन येतो. त्याच्या जीपमध्ये आठ माणसं मावतात. आत्यालाही घेऊ."

गल्लीभर तो पुटपुटत चालला होता. फर्डिनंडच्या फाटकाशी पोचला, तोवर तो लांबलचक शब्द त्याच्या जिभेवर नीट बसला होता.