कलेक्टरची बाहुली

ईश्वरप्पा पारावरून उतरला आणि बघतच राहिला. देवळापासून पार फाट्यापर्यंत घागरी, हंडे, डबे एकामागं एक मांडलेले. अजून ऊन वर आलं नव्हतं, पण अख्खं गाव रस्त्यावर!

"काय हो मावशी, एवढ्या सकाळी?"

"हे काय इचारणं झालं?" धुरपताबाई आपल्या हंड्याला टेकून बसली होती. "टँकर येणार न्हवं आज. काल तुझ्याच सायबानं सांगितलं."

ईश्वरप्पाला कालचा खेळ आठवला. जिल्हा नवा झाला, तशी नव्या कचेरीनं योजनांची माहिती सांगायला त्याचा बाहुल्यांचा खेळ गावोगाव धाडला होता. पण असल्या दुष्काळात माहितीला टाळ्या कोण देतं? मग काल त्यानं कलेक्टरच्या बाहुलीचा हात वर ओढला आणि आपल्याच मनानं ठोकून दिलं, "उद्या सकाळी तुमच्या गावात टँकर!" काय टाळ्या पडल्या म्हणता! त्याच खुशीत तो झोपला होता.

"मावशी, अहो बाहुली ती! लाकडाची! दोऱ्या माझ्या हातात."

"लाकडाची हाय ते दिसतंय की, आंधळी न्हाई मी. पर खेळ सरकारनं धाडला ना? मंग बोलणं बी सरकारचंच."

"टँकर-बिंकर काही न्हाई ओ. मीच आपलं उगंच बोललो."

म्हातारी हसली. "लई थट्टा करतोस बाबा. रांजणातलं उरलंसुरलं पाणी पहाटंच म्हशीला पाजलं मी. चार दिस जीभ काढून उभी होती बिचारी. नवं यायचंच हाय, तर कशाला राखायचं?"

"अन् बाकीच्यांनी?"

"समद्यांनीच की."

मेलो, मेलो, असं पुटपुटत ईश्वरप्पा रांगेच्या कडेनं आपल्या बैलगाडीकडं पळाला. गाडीत दोन घागरी भरलेल्या होत्या. निदान तेवढ्या तरी म्हातारीच्या रांजणात ओताव्यात.

रांगेच्या शेवटाला तो थांबला. पोचे पडलेल्या दोन पितळी घागरी. त्याच्याच. दोन्ही रिकाम्या.

शेजारी कमलम्मा उभी होती. त्याची बायको, वीस वर्षं पडद्यामागं बसून त्याच्या खेळाला ढोलकी वाजवणारी.

"बैलांना पाजलं," ती म्हणाली. "कचेरीत तुम्हाला किती वाजता येणार म्हणले टँकर?"