दिल्ली ते चुडावा

विमान उडालं तरी नागेशचा पाय हलायचा थांबला नव्हता. दिल्ली ते हैदराबाद साडेबाराशे किलोमीटर, सव्वादोन तास. पुढं गाडीनं गावी, चुडाव्याला, सहा तास तरी. हा हिशोब त्यानं कालपासून इतक्यांदा केला होता, की बायकोनं, धम्मशीलानं, शेवटी त्याचा फोनच काढून घेतला.

काल संध्याकाळी धाकट्या भावाचा, सिद्धोधनचा फोन आला. "दादा, आबा सीरियस हायेत. निघ."

नागेश वडिलांबद्दल काय समजायचं ते समजला. चुडाव्यात फोनवर कुणी 'गेले' म्हणत नाही. परगावचं लेकरू वाटेत धडपडू नये, म्हणून गेलेला माणूस आधी सीरियस होतो आणि लेकरू दारात पोचलं की मरतो. मावशी वारली तेव्हा तिच्या लेकीला हेच खोटं खुद्द नागेशनं सांगितलं होतं. म्हणून त्यानं काही विचारलं नाही. भावाला कशाला अवघडून टाकायचं?

"बोलतूस का?" सिद्धोधन म्हणाला होता.

आई शेजारी बसली असणार. तिचं रडणं ऐकायची नागेशची छाती नव्हती. "नको. आल्यावरच."

"किती वेळ लागंल?"

फोन कानाला लावूनच नागेशनं लॅपटॉप उघडला. कालच्या शेवटच्या विमानात एकच जागा उरली होती. ती त्यानं जवळजवळ घेतलीच होती. मग वाटलं, आता धावत जाऊन कुणाला गाठायचं? सुनेनं, नातीनंही आबांना शेवटचं पाहावं. त्यानं आजची तीन तिकिटं काढली.

"उद्या दिवस मावळायच्या आत येतो. तोवर थांबा."

मग सिद्धोधन म्हणाला, "लवकर बघ, दादा."

सकाळी विमानतळावर पुन्हा तोच प्रश्न. "इमानात बसलास का? किती वेळ लागंल आता?" नागेशला राग आला. उन्हाळ्याचे दिवस, पाहुणे खोळंबलेले, घाई असणारच. पण थोरल्या लेकासाठी एवढंही थांबवेना?

हैदराबादला उतरल्यावर त्यानं पांढऱ्या फुलांचा हार घेतला. गाडीत तो मांडीवर धरून बसला. वाटेत फाटक लागलं तर ड्रायव्हरवर उगाच खेकसला. नांदेड मागं पडलं तेव्हा त्याला रडू आलं. लहानपणी याच रस्त्यावर आबांनी त्याला सायकल शिकवली होती.

घरापुढं मांडव नव्हता. गर्दीही नव्हती. आई, गीताबाई, ओट्यावर एकटीच बसली होती. नागेश तिच्या पायाशी बसला. तिची नजर त्याच्या हातातल्या हारावर थांबली.

"तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "आत्ता तर गेले. घंटाबी झाला न्हाई. कालपासून त्यांनी सिद्धूच्या मागं एकच लावलं व्हतं, इचार त्याला, इमानाला किती वेळ लागतो."