पळसाच्या पानांचा देवराम

“हीच का ती भातसा?” शरयूने विचारलं, आणि तिचा चेहरा पडला.

पडेल नाही तर काय! तिचे वडील, मोठे नामांकित संगीतकार देवरामबुवा, मुंबईत भर सभेत सांगायचे, “माझ्या सगळ्या चाली भातसेच्या. मी नुसत्या भरून आणल्या.” लोक माना डोलवायचे. लहानपणापासून शरयूच्या डोळ्यांपुढे केवढी तरी थोरली नदी होती. इथे मार्गशीर्षातलं गुडघाभर पाणी, आणि त्यात सापगावच्या म्हशी निवांत बसलेल्या.

“हीच गो. दुसरी कुठून आणू?” धोंडूबाई म्हणाली. ती देवरामबुवांची थोरली बहीण. भाचीला आज सकाळी पहिल्यांदा पाहिलेली. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती ती टाकून, केसांतला भुसा तसाच घेऊन ती हिला नदी दाखवायला आली होती. मधेच थांबून शरयूच्या गालांवरून हात फिरवायची आणि कानशिलावर बोटं मोडायची. “नाक त्याचंच. मेल्याचं नाक लपायचं नाय.”

शरयूला एक सांगायचं होतं. त्यासाठीच ती आसनगावला गाडीतून उतरून बाबांच्या गावी, सापगावला, आली होती. आश्विनात बाबा गेले. एरवी घरच्या कोणाचं नाव न काढणारा तो माणूस तापाच्या भरात बहिणीला हाका मारत होता. पण धोंडूबाई सकाळपासून तोंड उघडू देईल तर ना!

“आत्या, बाबा गायला बसायचे कुठे? तुम्हाला...”

“तुमाला काय? मी काय मामलेदारीण हाय? तू म्हण.” धोंडूबाई हसली. “आन् बसतोय कुठं? म्हशीवर. त्या पाण्यातनं हलायच्या नायत. मी काठावरनं हाळी द्यायची, नि हा वर बसून तीच गात सुटायचा.” आणि तिने गळा मोकळा सोडून ती हाळी घालून दाखवली.

शरयू जागीच थांबली. ती चाल! नायिकेच्या विरहाची म्हणून जिच्यावर अर्धी मुंबई उसासे टाकत होती, ती! तिला खुदकन हसू आलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.

थोडं पुढे एक सपाट कातळ होता. तिथे धोंडूबाई थांबली. “आन् हितं त्याला जाळला.”

कुणाचं घर दाखवावं तसं ती म्हणाली. “जाळला?” शरयूने विचारलं.

“नाटकवाल्यांसंगं पळाला तो पळालाच. बारा वरसं चिठी नाय, निरोप नाय. मग भटजी म्हणाले, मेला धरा, नायतर जिवाला गती नाय. बानं पळसाच्या पानांचा देवराम केला, नारळाचं डोकं लावलं, नि दिला अग्नी. बारा दिस सुतक धरलं आमी.”

“पण आत्या, बाबा तर तेव्हा...”

“जिता होता! ठावं हाय मला. शहापूरच्या बाजारात एका दुकानात ते गाणारं खोकं लावलेलं. त्यात माझीच हाळी! तितंच मटकन बसले. घरी येऊन बाला सांगितलं, तर बा म्हणतो, ‘जाळला तो जाळला.’ मग काय, तवापासून दर भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. यंदाबी ओवाळलं. म्हटलं, भात पिकलं, भाऊ जिता हाय, आजून काय पायजे?”

यंदा. शरयूने मनाशी महिने मोजले.

“आता बा गेला. अडवणारं कोण नाय. पण मुंबईत मी त्याला कुठं हुडकू? बरं झालं तूच आलीस. कधी आणतेस त्याला?” धोंडूबाईने तिचे दोन्ही हात धरले. “भटजींना इचारून ठेवलंय मी. जाळलेला माणूस परत आला तर त्याचं नव्यानं बारसं करायचं, मगच तो घरात. टक्कल पडलं आसंल मेल्याला, पाळण्यात काय मावायचा नाय! पण बसवीन दाबून. कानात नाव आत्यानं सांगायचं, त्याची आत्या आता कुठून आणू? मीच सांगीन. तुझ्या बारशाला तर कोणी बोलावलंच नाय मला!”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

‘उन्हाळ्यात आणते.’ शरयूच्या अगदी ओठांवर आलं होतं. म्हातारी उन्हाळ्यापर्यंत सुखात राहिली असती. पण तो हसरा चेहरा समोर असताना तिला खोटं बोलवेना.

“आत्या, बाबा गेले. आश्विनात.”

धोंडूबाईचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. आवरायला तिला वेळ लागला.

“खरंच?”

“खरंच. मीच होते उशाशी.”

“म्हंजे भाऊबिजेच्या आदी.”

शरयूने मान हलवली. धोंडूबाई हळूच कातळावर टेकली. पदराच्या टोकाशी तिची बोटं चाळा करत राहिली. ती पाण्यातल्या म्हशींकडे बघू लागली. शरयूला वाटलं, आपण का आलो इथे, का सांगितलं.

मग मान न वळवताच धोंडूबाईने विचारलं, “तू रडलीस?”

घरी हारतुरे आले, शोकसभा झाली, मोठमोठी माणसं येऊन रडून गेली. तिला सगळ्यांना चहा द्यायचा होता.

“जमलंच नाही,” ती म्हणाली.

धोंडूबाईने तिला मनगटाला धरून खाली ओढलं, शेजारी बसवलं, आणि भुशाने भरलेला हात तिच्या पाठीवर ठेवला.

“मग रड. कोण मेलं नव्हतं तरी आमी हितं बारा दिस रडलो गो. तुझा बाप तर खरंच गेलाय. लाजतेस कशाला?”