ठ भोपळ्याचा

"ही चोरी हाय, सरळसरळ चोरी!" उकंडराव गुरुजींनी मोबाइल बायकोच्या डोळ्यांसमोर धरला.

लहान मुलांच्या नव्या पुस्तकाचं ते मुखपृष्ठ होतं. वेलाला भोपळा लटकलेला, आणि तो भोपळा म्हणजे ठ. खाली छापलं होतं, 'संपादन: दीपा. चित्रकाराची ओळख रविवारी, मारेगावच्या समारंभात.'

"ओळख करून देते म्हणे! सोताचीच देणार, दुसऱ्या कोणाची?"

कौसल्याबाई सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या. "असन," त्या म्हणाल्या.

गुरुजींच्या फार जिव्हारी लागलं होतं. दीपा त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मास्तरीण. पहिल्या महिन्यात भर वर्गात रडली, तेव्हा त्यांनीच तिला धीर दिला होता. आणि तिनंच असा केसानं गळा कापावा?

अक्षरांतून काढलेल्या या चित्रांवरच तर गुरुजींचं नाव झालं होतं. शनिवारी कोरे तक्ते घरी न्यायचे. सोमवारी वर्गात ळ चे डोळे वटारून घुबड हजर, इ चा नाग वेटोळं घालून बसलेला. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "ठ ठशाचा पाहिजे. भोपळ्याचा कसा?" गुरुजी हसून म्हणाले, "साहेब, पोरं आधी आकार पाहतात." साहेब असे खूश झाले की त्या वर्षीचा तालुक्याचा पुरस्कार गुरुजींनाच मिळाला. शाल अजून कपाटात होती.

"दीपा आपल्या घरी आलती काय? मी नसताना?"

"आलती दोनदा. चहा पेऊन गेली."

"अन् तू मले सांगतलं नाही?"

"तुमी इचारलं कधी?"

रविवारी गुरुजी जुने तक्ते काखोटीला मारून निघाले. पाहतात तर कौसल्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. बाई शाळेची पायरी कधी चढली नाही, पण नवऱ्याच्या अब्रूसाठी निघाली. गुरुजींना भरून आलं.

समारंभात दोघं पुढच्याच रांगेत बसले. एवढी माणसं पाहून कौसल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. दीपा बोलायला उभी राहिली आणि गुरुजींना राहवेना.

"थांब पोरी. हे चित्रं माहे हायेत!" त्यांनी तक्ता उलगडून सगळ्यांना दाखवला. "हरेक चित्राच्या बुडाशी तीन हिरवे ठिपके हायेत. दोन खाली, एक वर. पुस्तकातही पाहा. ते माही सही हाय."

लोकांनी भराभर पानं उलटली. घुबडाखाली ठिपके, नागाखाली ठिपके. कुजबुज सुरू झाली. कोणी दीपाकडे रागानं पाहू लागलं.

गुरुजी दीपाकडे वळले. "इतका जीव लावला तुले. काहून दगा देल्ला मले?"

दीपानं मान खाली घातली नाही. "बरोबर आहे गुरुजी. ते ठिपके म्हणजेच सही," ती म्हणाली. "ज्यांची सही आहे, त्यांनी वर यावं."

गुरुजींनी उपरणं सावरलं आणि पाऊल उचललं. पण त्यांच्याआधी शेजारच्या खुर्चीवरून कौसल्याबाई उठल्या. मंचावर जाऊन त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. हनुवटीवर, लग्नाआधी माहेरी गोंदवलेले, तीन हिरवे ठिपके होते. दोन खाली, एक वर.