चार बोटं

स्वयंपाकघराचं दार लोटून सत्यवती फरशीवर उताणी झोपली. गुडघे वर घेतले, पदर बाजूला केला. कस्तुराबाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. भरदुपारी सासूसमोर असं आडवं होणं मल्लेश्वरमच्या त्या घरात कुठल्याच सुनेला जमलं नसतं. पण आज सासूनंच फर्मावलं होतं.

"मी मोजते. स्वतःचं मोजताना माणूस एखादं बोट चोरतो."

तीन महिन्यांपूर्वी मूल अकरा महिन्यांचं झालं, तरी पोट अजून पाचव्या महिन्यातच होतं. शेजारच्या कानडी गंगव्वेनं तर "एनु अक्का, पुन्हा विशेष?" असं विचारून कैऱ्याही आणून दिल्या होत्या. सत्यवतीनं त्यांचं लोणचं घातलं आणि दोन दिवस रडून काढले. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बेंबीच्या वर बोटं रोवून सांगितलं, बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, चार बोटांची फट आहे. तीन महिने जड उचलायचं नाही. उठायचं ते कुशीवर वळून. रोज दोनदा आडवं पडून श्वास सोडत बेंबी पाठीकडे ओढायची आणि दहा मोजायचे. दोन बोटांवर आलं तर उत्तम, नाहीतर ऑपरेशनचं बघू.

ते तीन महिने उद्या भरत होते. ऑपरेशन म्हणजे महिनाभर खाट आणि अंगावरचं मूल तोडायचं. सुरीपेक्षा सत्यवतीला याचीच धास्ती होती.

हे तीन महिने नळावरची तांब्याची घागर कस्तुराबाई वाहत होत्या. कंबरेवर हात ठेवून, कुरकुरत. आमच्या वेळी पोट घट्ट बांधायचे आणि बाई कामाला लागायची, मोजायला हे काय बटाटे आहेत, हे रोजचंच. पण सुनेचा हात त्यांनी घागरीला एकदाही लागू दिला नव्हता.

"हं, मान उचल."

सत्यवतीनं श्वास सोडत डोकं जरासं वर घेतलं. कस्तुराबाईंची जाड, हळदीनं पिवळी पडलेली बोटं आडवी रुतली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं त्यांनी दाबून पाहिलं, ते अडलं.

"दोन. तिसऱ्याला जागा नाही."

सत्यवतीनं डोळे मिटून घेतले. पाळण्यात मूल झोपलं होतं, त्याला उचलून घ्यावंसं तिला वाटलं.

"सरी, झालं तर. म्हणजे उद्यापासून घागर तुझी," कस्तुराबाई म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "कडी लावलीस ना गं?"

"का, आत्याबाई?"

"लाव. आणि जरा सरक."

कडी लावून सत्यवती वळली तर सासूबाई फरशीवर उताण्या पडल्या होत्या, गुडघे वर घेऊन, नजर छताकडे लावून. सत्यवतीनं संकोचत हात पुढे केला. नातवंडं ज्या पोटाला उशी म्हणायची, त्यात तिची चारही बोटं अलगद उतरली. कुठे अडलीच नाहीत.

"किती?"

"चार." मग तिला खोटं बोलवेना. "जास्तच."

कस्तुराबाईंनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

"मला वाटायचं वायू धरतो. तीस वर्षं ओवा खातेय."

"कधीपासून?"

"नरसूच्या बाळंतपणापासून."

रोजच्या भरल्या घागरी सत्यवतीला आठवल्या आणि तिला स्वतःची लाज वाटली. तीन महिने घरातल्या दोन फटींपैकी मोठी फट पाणी वाहत होती आणि धाकटी सांभाळली जात होती.

"मलाही तीन महिने पुरतील?" कस्तुराबाईंनी विचारलं. आवाज परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा झाला होता.

"तुम्हाला स्वल्प जास्त लागतील."

"लागू देत. मला कुठं जायचंय?"

बाहेर नळ आला. थोड्या वेळात घागर भरून पाणी दगडावर सांडायला लागलं. सत्यवती जुन्या सवयीनं उठायला गेली, तशी सासूनं तिचं मनगट धरलं. आणि पडल्या पडल्याच हाक मारली, "नरसू!"

सत्यवतीचे यजमान नरसिंहराव ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. म्हैसूर सरकारच्या कचेरीतली फाइल हीच त्यांनी आजवर उचललेली सर्वांत जड वस्तू.

"काय, आई?"

"घागर भरली. न्हाणीघरात आणून ठेव."

"मी? सत्यवती कुठंय?"

"इथंच आहे. ती उचलणार नाही आणि मीही नाही. जन्मताना तू जे करून ठेवलंस, ते आज मोजून झालंय. उचल."

बाहेर वर्तमानपत्राची सावकाश घडी झाली. मग चपलांचा आवाज झाला.

"आता श्वास सोडा," सत्यवती हळूच म्हणाली. "बेंबी पाठीकडे ओढा. ओढून धरा आणि मोजा."

"एक," कस्तुराबाई म्हणाल्या. "दोन."

सत्यवतीनं खिडकीतून पाहिलं. नरसिंहरावांना घागर कडेवर घेता येत नव्हती. ती त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळली होती आणि पाठ मागे टाकून, पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत ते येत होते.

"पाच. सहा."

कुंपणापलीकडून गंगव्वेचा खणखणीत आवाज आला, "एनु अण्णा, विशेष का काही?"

सातावर कस्तुराबाईंना हसू फुटलं. सगळं पोट हललं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, दोन्ही हात बेंबीवर ठेवले आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.