आरशात नको

मास्तर थोरल्याच्या खुर्चीतून उठले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले. दाढी करायची होती, गळ्याला टॉवेलही बांधून झाला होता. काही घाई नाही म्हणाले, धाकट्याचा हात मोकळा झाला की बघू.

थोरल्याने समोरच्या आरशात पाहिलं. शेजारच्या खुर्चीमागे धाकटा एका गिऱ्हाइकाचे कल्ले सारखे करत होता, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात. आता कसा साळसूद! मघाशी आरशातूनच त्याने मास्तरांना डोळ्याने खुणावलं होतं आणि थोरल्याने ते चांगलं पाहिलं होतं.

डोक्यात तिडीक गेली त्याच्या. दोघे जुळे, अकरा मिनिटांचं काय ते थोरलेपण. दुकान निम्मं निम्मं, वस्तरे बापाने एकाच दिवशी हातात दिलेले. गेल्या महिन्यात एकाच्या गालाला जरासं लागलं, तर एवढं? हात थरथरतो म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण ना. पण नाही. आडून आडून सगळ्या दाढ्या आपल्याकडे ओढायच्या आणि विचारलं की मूग गिळून बसायचं.

धाकट्याचं गिऱ्हाईक गेलं. मास्तर उठणार तोच थोरला आडवा आला.

"दादा, मास्तर थांबलेत," धाकटा आरशाकडे बघत म्हणाला.

"आरशात नको. इकडे बघ. काय बोलायचं ते माझ्या तोंडाकडे बघून बोल."

धाकटा वळला. दिवसभर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे दोघे, पण असे समोरासमोर शेवटचे कधी आले होते कोण जाणे. धाकटा पुटपुटला, की तसं काही नाही, तुझ्याच मनात काहीबाही येतं.

"नाही ना? मग बस माझ्या खुर्चीत."

धाकटा बसला. थोरल्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रश साबणात घोळवला, वस्तरा उघडला. मास्तरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"नुसते केस काप," धाकटा म्हणाला. "दाढी सकाळीच केलीय."

थोरल्याने त्याच्या गालावर हात ठेवला. दोन दिवसांचे खुंट तळहाताला टोचले.