अळणी

"अगं, चालू कर ना," पहिला घास तोंडात घोळवत मुकुंदराव म्हणाले.

हेमलताने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

रक्तदाब वाढला तरी मुकुंदराव मीठ सोडेनात. "मला काही होत नाही, साधं डोकं दुखत नाही," म्हणायचे. काही दुखत नसतानाच हा आजार आतून पोखरतो, असं डॉक्टरांनी परोपरीने समजावलं आणि शेवटी त्यांच्या जिभेखाली चिप बसवली. ती चालू असली की अळणी आमटीही झकास लागायची. बंद असली की खरं मीठसुद्धा मातीसारखं लागायचं. बटण मात्र स्वयंपाक करणाऱ्याच्या फोनवर.

"आमटी अळणी आहे गं," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, भरल्या पंक्तीत, हेच बोलून त्यांनी ताट तिच्या अंगावर भिरकावलं होतं. त्यानंतर ती आमटी चाखून चाखून वाढायची, तरी ताटं उडतच राहिली.

"अळणीच आहे," हेमलता म्हणाली.

मुकुंदरावांचा हात ताटाच्या कडेपाशी गेला.

"चिडू नका, बीपी वाढेल."

हात मुकाट्याने परत भातात गेला. मनगटावरच्या रक्तदाब मोजणाऱ्या पट्ट्यात हिरवा दिवा लागलेला होता. कालच डॉक्टर तिला म्हणाले होते, "वहिनी, असंच सांभाळलंत तर हे नव्वदी गाठतील."

तिने त्यांच्या भातावर आणखी पळीभर आमटी वाढली.

"नव्वदी कसली? मी तुम्हाला शंभर वर्षं जगवणार आहे. जेवा."